सहाय्यक कुत्रा: निवडण्यापासून निवृत्तीपर्यंत, कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शक

ऐकू न येणाऱ्या माणसाला कुकरची शिट्टी झाल्याचं येऊन सांगणं, चाकाच्या खुर्चीवरून वाकता न येणाऱ्याची खाली पडलेली किल्ली उचलून त्याच्या मांडीवर आणून ठेवणं, फिट आल्यावर घंटीचं बटण दाबून घरच्यांना बोलावणं, ही कामं कुत्रा नीट शिकतो आणि वर्षानुवर्षं करतो. मात्र दुकानातून आणावा तसा तयार सहाय्यक कुत्रा आपल्याकडे मिळत नाही. बहुतेक घरांना एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाला हाताशी धरून दीड-दोन वर्षं स्वतः खपावं लागतं. हा लेख अशा घरांसाठी आहे. तुम्ही दिव्यांग असाल किंवा घरातल्या दिव्यांग माणसासाठी चौकशी करत असाल, तर पायऱ्या याच क्रमाने घ्या. बहुतेकांचा गोंधळ क्रम उलटा केल्यामुळे होतो: आधी पिल्लू येतं, मग ऑनलाइन जाकीट येतं आणि याला नेमकं शिकवायचं काय, हा प्रश्न शेवटी पडतो.

१. आधी कामं लिहून काढा

एक वही घ्या आणि सात दिवस दिव्यांग व्यक्ती जिथे जिथे अडेल तिथे नोंद करा. वेळ, जागा, नेमकं काय हवं होतं. "अंघोळीनंतर टॉवेल खाली पडला, उचलता आला नाही." "दाराची बेल कळली नाही, गॅसवाला परत गेला." "रात्री दोन वाजता शुगर उतरली, कोणी उठलं नाही." आठवड्याने या नोंदी तीन गटांत विभागा: साधनाने भागेल ते, माणूसच लागेल ते आणि कुत्रा करू शकेल ते.

पहिला गट प्रामाणिकपणे भरा. लांब दांड्याचा चिमटा, दिवा लुकलुकणारी बेल, उशीखाली थरथरणारं घड्याळ यांना रोज फिरवून आणावं लागत नाही. तिसऱ्या गटात किमान तीन कामं उरली तरच पुढे जा. असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल ही जगभरच्या प्रशिक्षण संस्थांची संघटनाही सहाय्यक कुत्र्याकडून दिव्यांगत्वाशी थेट संबंध असलेली किमान तीन कामं अपेक्षित धरते.

कामांनुसार कुत्र्यांचे प्रकार पडतात. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा मार्गदर्शक कुत्रा, कर्णबधिरांना आवाज कळवणारा, हालचालीत मदत करणारा, मधुमेह किंवा अपस्मारात मदत करणारा, स्वमग्न मुलांच्या कुटुंबाला आधार देणारा. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात जाऊन लोकांचं मन रमवणारा थेरपी कुत्रा यात मोडत नाही. ज्याच्या नुसत्या सहवासाने बरं वाटतं असा पाळीव कुत्राही मोडत नाही. दोघांचं मोल आहेच, पण सहाय्यक कुत्र्याला ठरलेलं काम सांगितल्यावर किंवा प्रसंग आल्यावर करता आलं पाहिजे.

अंधांसाठीच्या मार्गदर्शक कुत्र्याबद्दल इथेच स्पष्ट सांगायला हवं: हा कुत्रा घरी तयार करायचा नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये पहिली शाळा निघाली. तेव्हापासून हे काम स्वतंत्र कौशल्य म्हणून वाढलं आहे. कुत्र्याला स्वतःच्या अंगाची रुंदी कळते. पण सोबतच्या माणसाचं डोकं रिक्षाच्या टपाला किंवा दुकानाच्या पत्र्याला आपटेल, हे त्याला शिकवावं लागतं. "पुढे चल" म्हटल्यावरही समोर उघडं गटार असेल तर हुकूम मोडून थांबायचं, हे तर सगळ्यात अवघड. आणि रस्ता कुत्र्याला माहीत नसतो. कुठे वळायचं, कधी ओलांडायचं हे वाहनांच्या आवाजावरून माणूसच ठरवतो. म्हणून ज्याला पांढऱ्या काठीने एकट्याला फिरता येतं, त्यालाच मार्गदर्शक कुत्र्याचा उपयोग होतो. अंध वाचकांची पहिली पायरी काठीचं प्रशिक्षण ही आहे. त्यानंतर फक्त मार्गदर्शक कुत्र्यांचा अनुभव असलेल्या संस्थेकडेच जा.

२. घराला झेपेल का ते पाहा

रोज दोन तास लागतात: फिरवणं, सराव, साफसफाई. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कोरडं खाद्य, म्हणजे महिन्याला ९ ते १२ किलो. त्यावर लसी, गोचिडांची औषधं, प्रशिक्षकाची फी. ही जबाबदारी दहा-बारा वर्षांची आहे. भाड्याच्या घरात असाल तर मालकाशी आधीच बोलून ठेवा.

एकत्र कुटुंबात एक अडचण हमखास येते. आजी पोळी देते, काका फिरवतात, मुलं खेळवतात आणि कुत्रा सगळ्यांचा होतो, फक्त ज्याच्यासाठी आणला त्याचा होत नाही. पहिले सहा महिने खाणं आणि बक्षीस फक्त दिव्यांग व्यक्तीच्या हातून जाऊ द्या. हात चालत नसतील तर खाऊ मांडीवरच्या थाळीतून द्या किंवा दुसऱ्याने त्यांच्या अगदी शेजारी उभं राहून द्यावा. घरात सगळ्यांना हा नियम पटला नाही, तर कुत्रा आणू नका.

३. कागदपत्रांची फाईल

कुत्रा येण्याआधीच फाईल सुरू करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करून तपासणीसाठी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचं नाव निवडता येतं. अर्जाला आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा लागतो. जुने उपचारांचे कागद सोबत न्या.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण मधुमेह त्यांत नाही. फक्त मधुमेहासाठी कुत्रा तयार करत असाल तर ओळखपत्रावर विसंबू नका, डॉक्टरांचं पत्र हाच तुमचा मुख्य कागद.

फाईलमध्ये हे असावं:

- युडीआयडी आणि प्रमाणपत्राच्या प्रती
- कुत्रा कोणती गरज भागवतो हे लिहिलेलं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र
- लसीकरणाचं पुस्तक आणि रेबीज लसीचा दाखला
- पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक
- महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडे कुत्र्याची नोंद केल्याची पावती
- प्रशिक्षणाची रोजची नोंदवही आणि कामं करतानाचे छोटे व्हिडिओ

शेवटची बाब लोक टाळतात, पण सोसायटीच्या बैठकीत किंवा कॉलेजच्या प्राचार्यांपुढे हीच नोंदवही सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ऑनलाइन पैसे भरून मिळणाऱ्या "सर्व्हिस डॉग सर्टिफिकेट"ला भारतात काहीही किंमत नाही. त्यावर एक रुपयाही घालवू नका.

४. कुत्रा निवडताना

जगभर लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांचे संकर यांनाच पसंती आहे. त्यांना तोंडात वस्तू धरायला आवडतं, खाऊसाठी ते मन लावून काम करतात आणि अनोळखी माणसांवर धावून जात नाहीत.

कोल्हापूर भागात मुधोळ आणि कारवानी कुत्र्यांची मोठी हौस आहे. देखणी, काटक, आपल्या मातीतली जात. पण ती नजरेने शिकार हेरून पाठलाग करणारी जात आहे. रस्त्यातून मांजर पळालं तर खुर्चीला बांधलेला पट्टा कुठे जाईल, याचा विचार करा. हालचालीत मदतीसाठी मुधोळ घेऊ नका. आपला गावठी कुत्रा मात्र लोक उगाच बाद करतात. शांत स्वभावाचा, खाऊला चटावलेला, वर्ष-दीड वर्षाचा गावठी कुत्रा आवाज कळवण्याचं किंवा शुगर ओळखण्याचं काम उत्तम शिकू शकतो. तब्येतीनेही तो कणखर असतो.

पिल्लू घ्यायचं तर आईला पाहिल्याशिवाय घेऊ नका. आई भुंकरी, घाबरट असेल तर मागे फिरा. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, कारण मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. सातव्या आठवड्यात जाऊन या साध्या चाचण्या करा:

- दोन मीटरवर किल्ल्यांचा जुडगा पाडा. दचकून मग हुंगायला येणारं पिल्लू चांगलं, कोपऱ्यात दडून बाहेर न येणारं नको.
- कागदाचा बोळा टाका. उचलून तुमच्याकडे आणणारं पिल्लू वस्तू आणण्याचं काम लवकर शिकतं.
- पाठ फिरवून चालू लागा. मागे येतं का?
- पाठीवर झोपवून हलका हात ठेवा. थोडी धडपड करून सैल पडणारं हवं.

चार चाचण्यांत पास झालेलं पिल्लूही पुढे नापास होऊ शकतं. खास या कामासाठी पैदास करणाऱ्या परदेशी संस्थांतही बरेच कुत्रे बाद होतात. तसं झालं तर तो घरचा पाळीव म्हणून राहील की दुसऱ्या चांगल्या घरी जाईल, हे आजच ठरवून टाका. ही जोखीम नको असेल तर एक ते दीड वर्षाचा मोठा कुत्रा पाहा. त्याचा स्वभाव दिसलेला असतो आणि सांध्यांचा एक्स-रे काढता येतो.

५. पहिलं वर्ष

सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लसी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि पुढे पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे दर वर्षी. कोल्हापूरचा पावसाळा पाहता लेप्टोस्पायरोसिसची लस वगळू नका.

अडचण अशी की पिल्लाचं मन जगाला सरावण्याचा काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा असतो, आणि त्याच काळात लसी अपुऱ्या असतात. घरात कोंडून ठेवलं तर पुढे रिक्षालाही घाबरतं, जमिनीवर सोडलं तर पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा धोका. यावर उपाय म्हणजे पिल्लाला कडेवर घेऊन फिरवणं. दसरा चौकात पाच मिनिटं, पिठाच्या गिरणीसमोर, शाळा सुटताना, रेल्वे फाटकाजवळ. प्रत्येक नव्या आवाजाला एक खाऊ. घरात मिक्सर, कुकर, स्टीलचं ताट पडल्याचा आवाज, चाकाची खुर्ची, कुबड्या, सगळं दाखवा.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणि दिवाळीच्या फटाक्यांत मात्र "सवय व्हावी" म्हणून मुळीच नेऊ नका. एका रात्रीत बसलेली भीती महिनोन्महिने जात नाही. ढोल-ताशाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून जेवणाच्या वेळी ऐकवा आणि काही आठवड्यांत थोडा थोडा वाढवा.

शी-शूसाठी पहिल्या दिवसापासून एकच शब्द ठेवा आणि सांगितल्यावरच, ठरल्या जागी करायला लावा. पुढे बँकेत किंवा दवाखान्यात तीन तास बसायचं असतं. हुकूम निवडताना घरात दिवसभर बोलले जाणारे शब्द टाळा. "ये", "बस", "घे" हे आपण माणसांना शंभरदा म्हणतो आणि कुत्रा त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. उच्चार अस्पष्ट असलेल्या व्यक्तीसाठी हाताच्या खुणा किंवा शिट्टी ठरवा.

६. प्रशिक्षक कसा पारखायचा

शहरात कुत्रे शिकवणारे बरेच आहेत, पण बहुतेकांचा अनुभव राखणीच्या कुत्र्यांचा किंवा "बस-ऊठ"चा असतो. सहाय्यक कुत्र्याचा अनुभव नसला तरी चालेल, पद्धत योग्य हवी. फी विचारण्याआधी हे विचारा: चूक झाल्यावर तुम्ही काय करता? "झटका देतो", "काटेरी पट्टा घालतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. माराने शिकलेला कुत्रा चुकण्याच्या भीतीने पुढाकार घेत नाही, आणि फिट आल्यावर किंवा शुगर उतरल्यावर तर त्याला स्वतःहून पुढाकार घ्यायचा असतो.

कुत्रा दोन महिने प्रशिक्षकाकडे ठेवून "तयार" करून घेण्याच्या मोहातही पडू नका. तो त्या माणसाचं ऐकायला शिकतो, तुमचं नाही. प्रशिक्षकाने घरी येऊन तुम्हाला शिकवावं, तुम्ही कुत्र्याला. किती भेटी, कोणती कामं, जमलं नाही तर काय, हे कागदावर घ्या.

७. कामं शिकवणं

सगळ्या कामांना लागू असलेले नियम आधी. एक सत्र तीन ते पाच मिनिटांचं, दिवसातून तीन-चार वेळा. खाऊ वाटाण्याएवढा, उकडलेली कोंबडी किंवा पनीर, आणि तेवढं जेवण कमी करा, नाहीतर लॅब्रॅडॉर सहा महिन्यांत पिंपासारखा होतो. दहा प्रयत्नांत आठ बरोबर आले की पुढची पायरी. पाचांपेक्षा कमी आले की एक पायरी मागे. सहा-सात बरोबर आले तर तिथेच रेंगाळा. हा आकडा वहीत लिहा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

*पडलेली वस्तू उचलून देणं.* सुरुवात जमिनीवरून नाही, तोंडात धरण्यापासून होते. कापडाची घट्ट गुंडाळी नाकासमोर धरा. तोंड लावलं की खाऊ. मग एक सेकंद धरली की, दोन, पाच. मग गुंडाळी हातातून गुडघ्यापर्यंत, मग जमिनीवर. मग एक पाऊल दूर, तीन पावलं. सगळ्यात शेवटी मांडीवर ठेवणं. लोक चेंडू फेकण्याच्या खेळातून हे शिकवायला जातात, तिथेच बिघडतं. कुत्रा वस्तू पळवून चघळतो आणि तुम्ही खुर्चीतून मागे धावू शकत नाही. चार-पाच पावलांवर वस्तू टाकून देत असेल तर धरण्याचा वेळ वाढवायचा राहिला आहे असं समजा आणि दहा सेकंदांपर्यंत मागे जाऊन तो भाग पक्का करा.

किल्लीला कापडी गोंडा बांधा, धातू दातांना टोचतो. मोबाइलला जाड रबरी कव्हर घाला. नाणी आणि सुट्या गोळ्या कधीही उचलायला शिकवू नका, तो गिळेल. औषधं चेनच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी आणायला शिकवा.

*आवाज कळवणं.* यासाठी मदतनीस लागतो. पहिली पायरी, तुमच्या मांडीला नाकाने ढुशी देणं. तळहात मांडीवर ठेवा, नाक लागलं की खाऊ, मग हात काढून घ्या. दुसरी पायरी, मदतनीस एक मीटरवरून बेलचा आवाज हळू वाजवतो आणि त्याच क्षणी तुम्ही ढुशीची खूण करता. काही दिवसांत खुणेशिवाय, आवाजानेच ढुशी येते. तिसरी पायरी, ढुशीनंतर तुम्ही हाताने "कुठे?" विचारता आणि कुत्रा आवाजाच्या जागी नेतो.

खाऊ दोन्ही टोकांना द्यायचा. फक्त दारापाशी दिला तर कुत्रा तुमच्याकडे न येता थेट दाराशी जाऊन उभा राहतो. हीच या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. एक आवाज पक्का झाल्यावरच दुसरा घ्या: बेल, मग कुकर, मग बाळाचं रडणं, मग नावाने मारलेली हाक. कुकरच्या बाबतीत कुत्र्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबावं. धुराच्या अलार्मसाठी वेगळी खूण ठेवा, ढुशी देऊन आडवं पडणं. आगीकडे तो तुम्हाला घेऊन जाता कामा नये.

*दार आणि दिवा.* कडीला किंवा मुठीला जाड दोर बांधा आणि ओढायला शिकवा. जुन्या वाड्याचं सागवानी दार कुत्र्याकडून ओढून घेऊ नका, मानेला हिसका बसतो. फ्रिजला दोर बांधाल तर तो रात्री एकटाच उघडेल, वापर झाला की दोर काढा. दिव्यासाठी खालच्या उंचीवर मोठं बटण बसवून घेणं सोपं पडतं. घरातल्या अशा बदलांसाठी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या अनुभवी लोकांशी बोला. कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था १९८४ पासून शारीरिक दिव्यांगांसोबत काम करते आहे.

*उठताना आधार.* हे काम आमच्या मते घरी शिकवूच नये. सत्तर किलोच्या माणसाने तीस किलोच्या कुत्र्याच्या पाठीवर भार टाकला तर मणका आणि खांदे जातात. आधाराला काठी, वॉकर किंवा भिंतीची दांडी घ्या. कुत्र्याने ती काठी आणून द्यावी, त्याचं काम तिथेच संपतं.

*अपस्मार.* फिट येण्याआधी ओळखणं शिकवून येईलच असं नाही. काही कुत्रे ते आपणहून करतात, पण त्याची हमी देणाऱ्या प्रशिक्षकापासून सावध राहा. फिट आल्यानंतरची कामं मात्र नक्की शिकवता येतात: भिंतीवरचं मोठं बटण दाबणं, शेजारी पडून राहणं, मोबाइलची पिशवी आणणं.

*शुगर उतरल्याचं ओळखणं.* ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल तेव्हा कापसाच्या बोळ्यावर लाळ घ्या, काचेच्या बरणीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, तारीख आणि आकडा लिहा. शुगर ठीक असतानाचे बोळेही तसेच, तितकेच ठेवा. हे दुसरे बोळे नसतील तर कुत्रा कापसाचा किंवा फ्रीजरचा वास शिकतो आणि तुम्हाला वाटतं शुगर शिकला. महिन्याभराने आंधळी चाचणी घ्या: कोणती बरणी कुठे आहे हे मदतनिसाला माहीत, तुम्हाला नाही, आणि मदतनीस कुत्र्याच्या नजरेआड उभा. कुत्र्याने सांगितलं तरी प्रत्येक वेळी मीटरवर तपासा आणि नोंद करा. त्याच्या इशाऱ्यावरून इन्सुलिनचा डोस कधीही बदलू नका.

*स्वमग्न मूल.* कुत्र्याचा हुकूम मोठ्या माणसाच्या हाती असतो, मुलाच्या नाही. मूल पळू नये म्हणून त्याला कुत्र्याला बांधण्याचे व्हिडिओ दिसतात. अनुभवी प्रशिक्षक समोर नसताना हे करू नका, कुत्रा दचकून पळाला तर मूल फरफटतं.

८. घराबाहेर, पायरीपायरीने

साधारण वर्षाचा झाल्यावर आणि घरात कामं पक्की झाल्यावरच. आधी सोसायटीचं आवार. मग ताराबाई पार्कातले शांत रस्ते. मग पहाटेचा रंकाळा. संध्याकाळचा रंकाळा ही वेगळी परीक्षा आहे, कारण भेळेच्या गाड्यांभोवती जमिनीवर खाणं सांडलेलं असतं. तिथे खाली न हुंगता चालला की राजारामपुरीच्या दुकानांच्या गल्ल्या, मग मध्यवर्ती बसस्थानक, मग लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार. महाद्वार रोड शेवटी, तोही सणाचे दिवस सोडून.

तयार झाला असं केव्हा म्हणायचं? पट्टा सैल ठेवून चालतो, टेबलाखाली अर्धा तास निमूट पडतो, पडलेल्या पोळीकडे बघून न बघितल्यासारखं करतो, अनोळखी माणसाला चाटायला जात नाही, भुंकत नाही, रिक्षात सांगितल्यावर चढतो आणि पायाशी बसतो. यातली एकही गोष्ट कच्ची असेल तर दुकानात नेऊ नका. एका कुत्र्याने एका हॉटेलात घाण केली की त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक दिव्यांग माणसाला तिथलं दार बंद होतं.

मोकाट कुत्र्यांचे कळप हा आपल्याकडचा खरा अडथळा. पळू नका. बटण दाबून उघडणारी छत्री जवळ ठेवा. उघडली की कळप बिचकतो आणि मध्ये आडोसा होतो. पण आधी आपल्या कुत्र्याला तिची सवय करा. गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांशी ओळख करून घ्या आणि खाण्याची वेळ टाळून फिरा. तुम्हाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. आपल्या कुत्र्याला चावा बसला तर त्याची लस चालू असली तरी पशुवैद्यकाकडे न्या.

जाकीट आता घ्या, आधी नाही. हलकं, जाळीचं, दोन्ही बाजूंना मराठीत मोठ्या अक्षरांत "सहाय्यक कुत्रा. काम सुरू आहे. हात लावू नका." थैलीत पाण्याची बाटली, घडीची वाटी, शी उचलायच्या पिशव्या, खाऊ आणि फाईलच्या प्रती.

९. दारात अडवलं तर

२०१६ च्या कायद्यात दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोयी देण्याची आणि सार्वजनिक जागा सुगम करण्याची तरतूद आहे, पण सहाय्यक कुत्र्याच्या प्रवेशाचं वेगळं कलम नाही. त्यामुळे "हा माझा हक्क आहे" या वाक्याने सुरुवात केली की बहुतेक वेळा वाद होतो. आदल्या दिवशी फोन करून सांगणं आणि दारात दोन वाक्यं बोलणं जास्त कामाचं: "दादा, हा मदतीचा कुत्रा आहे, मला ऐकू येत नाही म्हणून सोबत असतो. कोपऱ्यात माझ्या पायाशी बसेल, कुणाला त्रास देणार नाही." नकार आला तर शांतपणे निघा.

शाळा, कॉलेज, कामाची जागा, बँक इथे मात्र लेखी अर्ज करा, फाईलच्या प्रती जोडा आणि उत्तरही लेखी मागा. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते. सोसायटीने अडवलं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यांनुसार पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मंदिरात नेण्याचा आग्रह धरू नका. दर्शनाला जाताना कुत्र्याला सांभाळायला घरचं कोणी तरी सोबत घ्या.

रेल्वेने जायचं तर कुत्र्याला फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करून नेता येतं. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपरमध्ये नाही. गाडीला फर्स्ट एसी डबा आहे का ते तिकिटाआधी पाहा. गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी सहाय्यक कुत्र्यासाठी निरुपयोगी आहे, कारण मदत लागेल तेव्हा तो तुमच्याजवळ नसतो. विमानाला आधीच कळवून कंपनीची परवानगी लेखी घ्या. केएमटीची शहर बस किंवा एसटीपेक्षा ओळखीचा रिक्षावाला बरा.

१०. ऊन, पाऊस आणि ताट

एप्रिल-मे मध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. काम सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी. जोराने धापा, लाळेच्या तारा, लडखडणं दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवू नका. लस सगळ्या प्रकारच्या लेप्टोला पुरत नाही. घरी आल्यावर बोटांच्या मधली जागा आणि कान कोरडे करा. गोचिडांसाठी दर महिन्याचं औषध चुकवू नका. ताप, मलूलपणा, हिरड्या फिक्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर जूनमध्येच सात दिवसांचं खाद्य, औषधं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल एका पिशवीत भरून ठेवा. निवारा केंद्रात कुत्र्याला घेतील का, किंवा कोणत्या नातेवाइकाकडे जायचं, हेही तेव्हाच ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी किती झपाट्याने चढलं ते शहराने पाहिलं आहे.

आपल्याकडे पाहुणचार म्हणून कुत्र्यालाही तांबड्या रश्श्याचा भात आणि मटणाची हाडं घातली जातात. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात आणि शिजलेलं हाड तुकडे होऊन आतड्याला भोक पाडू शकतं. प्रसादातले मनुके, द्राक्षं, चॉकलेट आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल हेही विष. लग्नकार्यात "आज काम आहे, काही देऊ नका" असं यजमानांना आधीच सांगून ठेवा.

११. निवृत्ती

बहुतेक कुत्रे आठ ते दहा वर्षांचे होईपर्यंत काम करतात. जिना चढताना थांबणं, बेल वाजूनही उशिरा उठणं, बाहेर निघताना मागे राहणं ही लक्षणं दिसली की पशुवैद्यकाकडून सांधे, कान, डोळे तपासून घ्या आणि आधी बाहेरची कामं कमी करा, घरातली हलकी कामं चालू राहू द्या. दुसऱ्या कुत्र्याचा शोध पहिला सात वर्षांचा झाला की लगेच सुरू करा, कारण त्यालाही दीड-दोन वर्षं लागणार आहेत. त्या काळात दोघांचे सराव वेगवेगळ्या वेळी घ्या. जुन्याला रोज एखादं सोपं काम देत राहा, नाहीतर जाकीट दुसऱ्याला घातलेलं पाहून तो दाराशी येऊन बसतो.